कै. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

बारावीचा निकाल लागला की ज्ञातीतील अनेक घरांत कायद्याच्या शिक्षणाचा विचार सुरू होतो. पाच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम लगेच धरावा, की आधी दुसरी पदवी घेऊन मग तीन वर्षांचा, याची चर्चा बहुधा वर्षे किती वाचतील एवढ्यापुरतीच होते. कायद्याच्या जोडीस कोणता विषय मनापासून करावा, हे कोणी फारसे विचारीत नाही. म्हणून कै. तेलंगांचे चरित्र यंदा मुलांपुढे, व त्याहूनही पालकांपुढे, ठेवावे असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईस झाला. अमरचंदवाडीतील मराठी शाळेतून १८५९ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले व पुढे तेच त्यांचे जिवलग स्नेही झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती मिळविली आणि एम. ए. व एलएल. बी. अशा दोन्ही पदव्या संपादन केल्या.

हायकोर्टाच्या मूळ शाखेत वकिली करण्याचा अधिकार मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ बाळ मंगेश वागळे होत. तेलंगांनी त्यांचाच मार्ग धरला व परीक्षा उतरून १८७२ साली सनद घेतली. वय अवघे बाविशीच्या घरात. पण लवकरच पक्षकारांची रीघ लागली.

याचे मर्म त्यांच्या विद्यार्थिदशेत आहे. दत्तक, वाटणी, स्त्रीधन यांवरील दाव्यांत त्या काळी मिताक्षरा व व्यवहारमयूख हे ग्रंथ प्रमाण धरले जात. गोऱ्या बॅरिस्टरांस भाषांतरांवर विसंबावे लागे; तेलंग मूळ वचन उघडून त्याचा अन्वय लावीत. कॉलेजात जी विद्या केवळ आवडीने केली, ती कोर्टात अशी फळास आली. वकिली ऐन भरात असतानाही तिचा त्याग त्यांनी केला नाही. मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेतील भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर व मुद्राराक्षसाची विवेचक आवृत्ती ही याच काळातील कामे. मराठीसही ते विसरले नाहीत. लेसिंगच्या नाटकाचे त्यांनी मराठी भाषांतर केले.

आज प्रत्येक मुलाने संस्कृतच घ्यावे, असा आमचा आग्रह नाही. १९५५-५६ च्या कायद्यांनी हिंदू विवाह, वारसा व दत्तक यांचे बहुतेक नियम संहितेत आणले. परंतु ज्यास कर आकारणीचे काम करावयाचे आहे त्याने हिशेबशास्त्र, आणि ज्यास जमिनीचे दावे चालवावयाचे आहेत त्याने महसुली दफ्तराची मराठी, ही विद्यार्थिदशेतच पक्की केली पाहिजे. संयुक्त अभ्यासक्रमातील इतिहास, भाषा, अर्थशास्त्र हे विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरते उरकण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस घातक वाटते. सनद मिळाल्यावर ही उणीव भरून काढण्यास सवड सापडत नाही.

जम बसल्यावर तेलंगांस सरकारी नोकरी देऊ करण्यात आली होती, ती त्यांनी नाकारली. १८८९ साली मात्र न्यायाधीशपद स्वीकारले. हिंदू धर्मशास्त्रावरील त्यांचे निवाडे प्रमाणभूत मानले गेले. १८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यापूर्वी कोणाही हिंदी माणसास हा मान मिळाला नव्हता. १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन दोनच दिवस लोटले असता, मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.