सर एडवर्ड एल्गार : एका चर्चच्या ऑर्गनवादकाचे चरित्र

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहास, अहवाल व शुभाशीर्वाद यांबरोबर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्रही असावे, अशी संपादक मंडळाची इच्छा पडली आणि ते काम आम्हांकडे आले. संतांची चरित्रे वाचकांच्या घरोघरी आहेत. म्हणून या वेळी आम्ही संत नसलेल्या, श्रद्धेच्या वाटेवर ठेचाळलेल्या, परंतु ज्याच्या हातून देवाच्या मंदिरास मोठे दान मिळाले अशा एका संगीतकाराची निवड केली आहे. त्याचा आरंभ आपल्यासारख्याच एका लहानशा कॅथलिक चर्चच्या गायनमाळ्यावर झाला, हे आमच्या गायकवृंदाने विशेष ध्यानात घ्यावे.

एडवर्ड एल्गार यांचा जन्म ता. २ जून १८५७ रोजी इंग्लंडात वूस्टर शहराजवळील ब्रॉडहीथ या खेड्यात झाला. वडील विल्यम एल्गार पियानो सुरात लावण्याचा व वाद्ये विकण्याचा धंदा करीत. ते स्वतः कॅथलिक नसताही वूस्टरच्या सेंट जॉर्ज या कॅथलिक चर्चमध्ये वेतनावर ऑर्गन वाजवीत असत. तेथील उपासना पाहता पाहता त्यांच्या पत्नी ॲन यांस कॅथलिक श्रद्धेची ओढ लागली, व पतीची नाराजी पत्करून त्यांनी ती स्वीकारली. एडवर्डचा स्नानसंस्कार त्याच चर्चमध्ये झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक म्हणजे अल्पसंख्य व काहीसा उपेक्षित समाज. त्यातून घरची स्थिती बेताची. सबब पंधराव्या वर्षी शाळा सुटली व मुलगा विल्यम ॲलन नामक वकिलाच्या कचेरीत लेखनिक झाला. तेथे तो जेमतेम एक वर्ष रमला. पुढे त्याने संगीत हीच आपली वृत्ती ठरविली.

कोणत्याही संगीतशाळेची पायरी एल्गार चढले नाहीत. वडिलांच्या दुकानातील पुस्तके हीच त्यांची शाळा. ते व्हायोलिन शिकवीत, इ. स. १८७९ पासून पाच वर्षे पॉविक येथील वेड्यांच्या इस्पितळातील कर्मचाऱ्यांचा बँड त्यांनी सांभाळला. इ. स. १८८५ मध्ये वडिलांच्या जागी ते सेंट जॉर्ज चर्चचे ऑर्गनवादक झाले. त्या चार वर्षांत त्यांनी चर्चच्या गायकांना पेलतील अशी काही लॅटिन स्तोत्रे रचली. १८८७ साली वकील ॲलन वारले, तेव्हा आपल्या जुन्या धन्याच्या स्मरणार्थ एल्गार यांनी मृतांसाठीची एक लहानशी प्रार्थना स्वरबद्ध केली. पंधरा वर्षांनी त्याच चालीवर पवित्र शरीराच्या वंदनेचे ‘आवे वेरुम’ हे शब्द बसविण्यात आले. आजही देशोदेशीच्या कॅथलिक चर्चमधून ती रचना गातात. पण तिचा उगम एका लेखनिकाच्या कृतज्ञतेत आहे, हे गाणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते.

इ. स. १८८९ मध्ये कॅरोलिन ॲलिस रॉबर्ट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई वयाने सुमारे नऊ वर्षांनी मोठ्या. हिंदुस्थानी लष्करातील मेजर जनरल सर हेन्री रॉबर्ट्स यांच्या कन्या. त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या कच्छ प्रांतात, भूज येथे १८४८ साली झाला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. दुकानदाराचा कॅथलिक मुलगा जावई होणार, हे त्यांच्या आप्तांस मुळीच रुचले नाही. ॲलिसबाईंनी मात्र पुढील तीस वर्षे पतीच्या कार्यास वाहून घेतले. छापील संगीतपत्रे घेण्यास पैसा नसे, तेव्हा कोऱ्या कागदांवर रेषा आखून देण्याचे काम त्या करीत. पुढे त्यांनी कॅथलिक श्रद्धाही स्वीकारली.

विवाहप्रसंगी सेंट जॉर्जच्या धर्मगुरूंनी एल्गार यांस एक पुस्तक भेट दिले. ते होते कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचे ‘जेरॉन्शियसचे स्वप्न’ हे दीर्घकाव्य. एक वृद्ध मरणशय्येवर आहे. त्याचे मित्र प्रार्थना करीत आहेत. प्राण जाताच त्याचा आत्मा रक्षक देवदूताबरोबर परमेश्वराच्या न्यायासनापुढे जातो व तेथून शुद्धिस्थानी सोपविला जातो, असा त्याचा विषय आहे. न्यूमन यांस इ. स. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संतपदी चढविले. त्यांच्या या काव्याचे एल्गार यांनी अनेक वर्षे मनन केले, आणि बर्मिंगहॅमच्या संगीतमहोत्सवासाठी मोठी रचना मागण्यात आली तेव्हा एकल गायक, वृंदगान व वाद्यवृंद यांसाठी ते स्वरबद्ध केले. आपल्यातले सर्वोत्तम यात उतरले आहे, अशी त्यांची भावना होती.

ता. ३ ऑक्टोबर १९०० रोजी बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये त्या रचनेचा पहिला प्रयोग झाला व तो सपशेल फसला. गायकवृंदाचे शिक्षक थोड्याच महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांच्या जागी आलेल्या वृद्ध गृहस्थांस नव्या धर्तीचे ते संगीत उमगले नाही. गाण्याची पत्रे उशिरा हाती पडली. तालमी अपुऱ्या झाल्या. हॅन्स रिख्टर यांच्यासारखा नामांकित संचालक समोर उभा असूनही गायक सूर सोडून भरकटले. एल्गार यांच्या जिव्हारी घाव बसला. परमेश्वरच कलेच्या विरुद्ध आहे, आपण आता धर्मभावनेस हृदयाचे दार लावून घेतले आहे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी थोड्याच दिवसांत एका मित्रास लिहिले. धर्मगुरू या नात्याने आम्ही हे लपवून ठेवीत नाही. श्रद्धेचे गीत रचणाऱ्याची श्रद्धा त्याच गीताच्या विटंबनेने डळमळली, ही या चरित्रातील सर्वांत दुःखाची गोष्ट होय.

सुदैवाने श्रोत्यांत युलिउस बूट्स हे जर्मन संचालक होते. फसलेल्या प्रयोगाआडचे सोने त्यांनी ओळखले, व पुढील वर्षी डिसेंबरात ड्युसेलडॉर्फ येथे ती रचना पुरेशा तयारीनिशी सादर केली. तेथे तिचा जयजयकार झाला. मग इंग्लंडासही जाग आली. तथापि १९०२ साली वूस्टरच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये ती गाण्यास अनुमती मिळाली, ती शब्दांत फेरफार करूनच. पवित्र मरियेचे नाव, संतांची विनवणी व शुद्धिस्थानाचा उल्लेख यांस कात्री लागली. ता. ६ जून १९०३ रोजी लंडनच्या नव्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये मात्र आपल्या लोकांनी ती संपूर्ण ऐकली. त्या दिवशी संचालन स्वतः एल्गार यांनी केले. पुढे कीर्ती आली, मान आले. १९०४ साली ‘सर’ ही पदवी मिळाली.

आता आम्ही या चरित्राच्या त्या भागाकडे येतो, ज्यासाठी मुख्यतः ही लेखणी उचलली. ता. २१ जानेवारी १९१४ रोजी एल्गार प्रथम ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात गेले. त्या काळी मुद्रणाची रीत मोठी अवघड होती. मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी मोजक्या वादकांनी दाटीने बसावयाचे, व त्यांच्या नादाने थरथरणारी सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत जावयाची. एका बाजूस सुमारे चार मिनिटांचेच संगीत मावे. १९१६ साली त्यांची व्हायोलिनची प्रदीर्घ रचना छाटून अवघ्या चार बाजूंत बसवावी लागली. पुष्कळ थोर संगीतकार या यंत्रास खेळणे समजून नाक मुरडीत. एल्गार यांनी तसे केले नाही. आपल्या रचनेचा वेग कोठे मंद व कोठे शीघ्र असावा, श्वास कोठे घ्यावा, हे कागदावरील खुणांनी पुरते सांगता येत नाही. ते जिवंत ऐकवावे लागते, ही गोष्ट बर्मिंगहॅमने त्यांस शिकविली होती.

तोच धडा त्यांस पुन्हा एकदा मिळाला. महायुद्धाच्या अखेरीस ससेक्स परगण्यातील एका रानातल्या झोपडीवजा घरात राहून त्यांनी चार रचना हाती घेतल्या होत्या. त्यांपैकी तीन मोठ्या सभागृहाच्या नव्हेत, दिवाणखान्यात दोन, चार किंवा पाच वादकांनी बसून वाजविण्याच्या. चौथी चेलो व वाद्यवृंद यांची. ऑक्टोबर १९१९ मध्ये लंडनला तिचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा कार्यक्रमाचा उरलेला भाग सांभाळणाऱ्या दुसऱ्या संचालकाने तालमीचा बहुतेक वेळ खाऊन टाकला, व हीही रचना पहिल्या दिवशी पडली. या वेळी एल्गार शोक करीत बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात बिएट्रिस हॅरिसन या तरुण वादिकेस घेऊन त्यांनी तिचे ध्वनिमुद्रण आरंभिले, आणि मायक्रोफोन आल्यावर १९२८ साली तिलाच बरोबर घेऊन ती रचना संपूर्ण मुद्रित केली.

ता. ७ एप्रिल १९२० रोजी ॲलिसबाई निवर्तल्या. लिटल मॉल्व्हर्न येथील सेंट वुल्स्टन चर्चमधील त्यांच्या अंत्यविधीत एल्गार यांच्या चार तंतुवाद्यांच्या रचनेतील संथ भाग चौघा मित्रांनी वाजविला. तो भाग बाईंस फार प्रिय होता. त्यानंतर एल्गार यांच्या हातून मोठी नवी रचना अशी पुरी झालीच नाही. लोक म्हणत, त्यांचे संगीत संपले. परंतु ती उरलेली वर्षे त्यांनी आधीचे धन वाटण्यात घालविली. फेब्रुवारी १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये, व त्याच वर्षी सप्टेंबरात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये, भर प्रयोगात, ‘जेरॉन्शियस’चे काही भाग त्यांच्या संचालनाखाली तबकडीवर उतरले. सत्तावीस वर्षांपूर्वी जे गीत भरकटले होते ते आता स्वतः रचनाकाराच्या हाताखाली, तयार गायकांच्या कंठातून, कायमचे नोंदले गेले. ता. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. १९३२ साली सोळा वर्षांच्या यहुदी मेन्युइनकडून त्यांनी आपली व्हायोलिनची रचना तेथे न छाटता वाजवून घेतली. घरी आलेल्या पाहुण्यांस आपल्या तबकड्या ऐकविणे हा वृद्धपणी त्यांचा आवडीचा छंद झाला होता.

ऑक्टोबर १९३३ मध्ये शस्त्रक्रिया होऊन कर्करोगाचे निदान झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग त्यांचे स्नेही होते. याच गृहस्थांनी १९०२ साली कलकत्त्यास येऊन गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले होते. त्या दुखण्यात गेसबर्ग यांनी एल्गार यांच्या दिवाणखानी संगीताच्या नव्या तबकड्या त्यांस ऐकावयास मिळतील अशी तजवीज केली. पत्नीच्या अंत्यविधीत वाजलेला तो संथ भाग त्यांनी अशा रीतीने रोगशय्येवर पुन्हा ऐकला. ता. २२ जानेवारी १९३४ रोजी लंडनचे मुद्रणगृह व वूस्टर येथील त्यांची शय्या यांमध्ये टेलिफोनची तार जोडण्यात आली. शंभराहून अधिक मैलांवर वाद्यवृंद त्यांच्या ‘कॅरॅक्टॅकस’ या वृंदगानरचनेतील भाग वाजवीत होता, आणि शहात्तर वर्षांचे एल्गार अंथरुणातून ऐकून वेगाविषयी सूचना देत होते. एक भाग त्यांनी पुन्हा वाजविण्यास सांगितला. पहिल्या मुद्रणास त्या दिवशी वीस वर्षे व एक दिवस झाला होता.

ता. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांनी देह ठेवला. उत्तरायुष्यात ते उपासनेपासून दूर गेले होते. मरणोत्तर जीवनाविषयीही त्यांचे मन साशंक होते. अखेरीस एका येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांस अंतिम संस्कार दिले, तेव्हा ते अर्धवट शुद्धीवर होते असे म्हणतात. त्यांचे शरीर सेंट वुल्स्टन येथे पत्नीशेजारी आहे. त्यांच्या अंतःकरणात काय होते, याचा निवाडा करणे आमच्याकडे नाही. ज्याने मरणाऱ्या माणसाची प्रार्थना असंख्य गायकांच्या मुखी घातली, त्याच्यासाठी त्याच प्रार्थनेने देव द्रवला असेल, अशी आम्ही आशा धरतो.

हे चरित्र आम्ही का निवडले, ते शेवटी सांगतो. पूर्वी आम्ही ज्या एका धर्मग्रामात होतो तेथे एका वृद्ध मास्तरांनी सणासाठी पवित्र साक्रामेंताचे एक मराठी गीत रचून आणले होते. इतर गडबडीत आम्ही गायकांस त्यासाठी दोनच संध्याकाळ दिल्या. सणाच्या दिवशी गीत मधेच तुटले, लोक हसले. मास्तर काही बोलले नाहीत. पुन्हा केव्हा तरी नीट बसवू असे आम्ही मनाशी म्हटले, आणि पुढच्या उपवासकाळात ते वारले. तो कागद पुढे कोणासही सापडला नाही. चूक गायकांची नव्हती. वेळ न देणाऱ्या धर्मगुरूची होती.

आमच्या या धर्मग्रामातही जुन्या चाली जाणणारे वृद्ध आहेत. लग्नघरची, मिस्साबलीची, मृतांच्या जागरणाची गीते त्यांच्या कंठात आहेत. आज ध्वनिमुद्रणास कर्णा लागत नाही, मेण लागत नाही. प्रत्येक तरुणाच्या खिशात त्याचे साधन आहे. महोत्सव संपून मांडव उतरण्यापूर्वी आमच्या युवकांनी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे. आणि गायकवृंदास आमचे सांगणे इतकेच की, शनिवारची तालीम चुकवू नये. आम्हीही यापुढे ती चुकू देणार नाही.