सावित्रीमाई आणि निराधार बालके

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविणारी, अंगावर शेणगोळे झेलणारी शिक्षिका म्हणून माई आपणा सर्वांस परिचित आहेत. या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या दुसऱ्या कार्याचे स्मरण करीत आहोत.

विधवेच्या पोटी आलेले मूल त्या काळी कलंक मानले जाई. कित्येक अर्भके जन्मताच मारली जात. म्हणून १८६३ मध्ये जोतिराव व माईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अशा स्त्रियांनी येथे सुखरूप बाळंत व्हावे व हवे तर मूल ठेवून जावे, अशी तेथे सोय होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत.

समाज त्याचा जन्म विसरला नाही. त्याला मुलगी देण्यास लोक कचरत होते. अखेर सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांनी आपली कन्या दिली आणि १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला. पुढच्याच वर्षी जोतिरावांचे निधन झाले, तेव्हा भाऊबंदांनी दत्तकपुत्राच्या हक्कास हरकत घेतली. माईंनी स्वतः टिटवे हाती धरून अंत्ययात्रेचे नेतृत्व केले.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्याने दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले. त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी माईंचा अंत झाला.

मूल आपोआप खंबीर होत नाही, हे या चरित्रातून आम्ही शिकलो. यशवंताला हक्काचे नाव मिळाले, शिक्षण मिळाले आणि जग नाकारीत असताना न हटणारी आई मिळाली. ज्याला आधार मिळाला, तोच पुढे इतरांचा आधार झाला.

दिवाळीच्या सुटीत आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एखादे मूल सायंकाळपर्यंत वाट पाहत बसते. त्याला घ्यायला कोणी येत नाही. धीर धर, असे त्याला सांगणे सोपे असते. परंतु धीर कोणाच्या भरवशावर धरायचा, हे त्याला दिसावे लागते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्या दिवशी फाटकाशी यावे, एका मुलाला आपल्या घरी न्यावे आणि पुढच्या सुटीतही त्याच मुलासाठी यावे, ही आमची विनंती.

सावित्रीमाईंना विनम्र अभिवादन. जय भीम!