बिऱ्हाडकरूंचा वकील : चार्ल्स एब्रम्स

भगिनींनो, स्मरणिकेत आपण बहुधा आपल्याकडच्याच थोरांची चरित्रे लिहितो. यंदा मी एका परक्या मुलखातल्या माणसाची हकीकत लिहिते आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, कायद्यातले मला काय कळणार! पण भाड्याच्या दोन खोल्यांतला संसार चांगला कळतो. धाकट्या जावेच्या मुलाने या गृहस्थांविषयी सांगितले, तेव्हा मी हातातली भाजी तशीच ठेवून ऐकत राहिले.

चार्ल्स एब्रम्स यांचा जन्म १९०२ साली विल्ना शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. अगदी लहानपणीच ते आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या ब्रुकलिन भागातल्या गरीब वस्तीत वाढले. कायदा शिकून विशीतच वकील झाले. घरे-जमिनींच्या व्यवहारांत त्यांनी पैसाही चांगला मिळवला. १९२८ मध्ये लग्न झाले. पत्नी रूथ या चित्रकार होत्या.

आता असा माणूस आरामात घरमालक होऊन बसला असता. पण मंदीच्या त्या वर्षांत शहरातल्या जुन्या इमारतींची दशा फार वाईट होती. खोल्यांना ना उजेड ना वारा. सरकारने गरिबांसाठी घरे बांधावीत म्हणून १९३४ साली जो कायदा झाला, तो लिहिण्यात एब्रम्स यांचा हात होता. त्यातून निघालेल्या गृहनिर्माण खात्याचे तेच वकील झाले.

पहिली चाळ बांधायची ठरली आणि अडचण आली. म्युलर नावाच्या मालकाच्या दोन इमारती मध्येच होत्या, तो विकायला तयार होईना. मोबदला देऊन सक्तीने जागा घ्यावी, तर ती रस्त्यासाठी किंवा शाळेसाठी घेता येते. गरिबांच्या घरांसाठी घेता येईल का? एब्रम्स यांनी कोर्टात मांडले की कोंदट वस्तीतला रोग आणि आग साऱ्या शहरालाच भोवते, म्हणून हे सार्वजनिकच काम. १९३६ साली वरिष्ठ कोर्टाने ते मान्य केले. त्याआधीच, १९३५ च्या डिसेंबरात, त्या घरांचे उद्घाटन झाले होते. अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट स्वतः आल्या होत्या. घरे मात्र जेमतेम १२० च्या आसपास.

मला म्युलरचेही वाईट वाटते. माझ्या माहेरचे अंगण रस्त्यात गेले, तेव्हा आई किती दिवस उंबऱ्यात बसून राही ते मी पाहिले आहे.

पुढे जे झाले ते एब्रम्स यांनाही बोचले असावे. जागा घेण्याचा तोच अधिकार वापरून, शहराकडून करसवलत घेऊन, एका बड्या विमा कंपनीने न्यूयॉर्कमध्येच हजारो घरांची स्टायव्हेसंट टाउन ही वसाहत उभारली. तिथे काळ्या लोकांना जागा मिळेना. युद्धातून परत आलेल्या काळ्या सैनिकांच्या बाजूने एब्रम्स कोर्टात उभे राहिले आणि १९४९ साली हरले. चार न्यायाधीश विरुद्ध, तीन बाजूने. एका मताने! तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९५५ मध्ये ते राज्याचे भाडे-नियंत्रण अधिकारी झाले, नंतर १९५९ पर्यंत भेदभावाविरुद्धच्या आयोगाचे अध्यक्ष.

संयुक्त राष्ट्रांतर्फे ते देशोदेशी गेले. तुर्कस्तानात त्यांच्या सल्ल्यातून अंकारा येथे १९५६ साली विद्यापीठच निघाले. मला आवडली ती घानाची गोष्ट. १९५४ मध्ये ते दोन सहकाऱ्यांबरोबर तिथे गेले. लोक मातीच्या भिंती आपल्या हातांनी उभारत, पण पत्र्याला पैसा नसे. मग सबंध घरासाठी कर्ज कशाला, फक्त छपरापुरते द्यावे, असे या मंडळींनी सुचवले. हे आपल्या आजीलाही सुचले असते, पण तिला विचारणार कोण?

१९६४ साली त्यांनी जगभरच्या निवाऱ्याच्या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला. १९७० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. म्युलरच्या जागेवर उभी राहिलेली ती पहिली घरे तेव्हाही भरलेली होती.