कारखान्याआधी झाडं

टाटा हे नाव आपल्या घराघरांत आहे. मीठ, चहा, गाडी, आणि आम्हा आयटीवाल्यांच्या तर बायोडेटातही! पण मूळ पुरुष जमशेटजी टाटा यांची मला सर्वांत भावते ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या गावाला त्यांचं नाव मिळालं, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला, शिक्षण मुंबईत. १ जानेवारी १८७७ ला त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं!

पोलादाचं वेडही विदर्भातलंच. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज चांगलं होतं, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना आणि खाणीचे सरकारी नियम जाचक. १८९९ मध्ये नियम सैल झाले. तेव्हा साठीच्या या गृहस्थांनी पुन्हा कंबर कसली आणि १९०२ मध्ये थेट अमेरिका गाठली.

त्याच वर्षी त्यांनी मुलाला, दोराबजींना, पत्र लिहिलं. कामगारांच्या गावात रुंद रस्ते हवेत, त्यांवर पटकन वाढणारी सावलीची झाडं हवीत. बागा हव्यात, फुटबॉल-हॉकीची मैदानं हवीत. देवळं, मशिदी, चर्च यांनाही जागा ठेवा. गंमत म्हणजे तेव्हा कारखान्याची जागासुद्धा ठरलेली नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर मशीन घेण्याआधीच युजरचा विचार झाला होता.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. पुढचं काम दोराबजींनी तडीस नेलं. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचं लोखंड सुचवलं होतं. १९०७ मध्ये कंपनी निघाली, तीन आठवड्यांत देशातल्या लोकांनीच भांडवल उभं केलं. १९०८ मध्ये साकची गावाशी काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलाद निघालं. त्याच वर्षी आठ तासांची पाळी आली. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं.

सगळं गोड नव्हतं. ही जमीन आदिवासी गावांची होती. क्वार्टर्स थोडी आणि माणसं फार, म्हणून आराखड्याबाहेर बस्त्या वाढल्या. १९२० आणि १९२२ मध्ये मोठे संप झाले. शहराचे आराखडेही पुन्हा पुन्हा करावे लागले. म्हणजे स्वप्न पुरतं उतरलं नाही. पण ते लिहून ठेवलेलं होतं, म्हणून कुठे कमी पडलो हे मोजता तरी आलं. मला वाटतं, त्या पत्राची खरी किंमत हीच.

जमशेटजींची समाधी आपल्या इंग्लंडमध्येच, वोकिंगजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत आहे. त्या बाजूला जाणं झालं तर मुलांना जरूर दाखवा, आणि कारखान्याआधी झाडांचा विचार करणाऱ्या या माणसाची गोष्टही सांगा.