हल्स्टेड रस्त्यावरील शेजारीण

तरुण मुलगा गप्पगप्प राहू लागला की आम्ही वडीलधारी त्यास आळशी ठरवून मोकळे होतो. शब्बाथ शाळेत आमच्या हातूनही हे घडले आहे. जेन अॅडम्स यांचे चरित्र वाचताना त्याची लाज वाटते.

अमेरिकेतील सीडरव्हिल गावी १८६० साली जेनचा जन्म झाला. ती दोन वर्षांची असता आई वारली. पुढे क्षयाने पाठीचा कणा वाकला. तिचे सर्वस्व म्हणजे वडील. तेही १८८१ साली, ती शिक्षण संपवून घरी आली त्याच उन्हाळ्यात, निवर्तले. डॉक्टर होण्याचा बेत आजारपणाने मोडला. नंतरची सात-आठ वर्षे घोर उदासीनतेत गेली. घरी पैसा होता, विद्या होती. पण शिकलेल्या मुलीला कोणी काम देत नव्हते.

१८८८ साली लंडनच्या दरिद्री वस्तीतील टॉयन्बी हॉल तिने पाहिला. तेथे विद्यापीठातील तरुण गरिबांचे शेजारी होऊन राहत. पुढच्याच वर्षी एलन स्टार या मैत्रिणीसह शिकागोच्या हल्स्टेड रस्त्यावर, परदेशांतून आलेल्या मजुरांच्या वस्तीत, तिने 'हल हाउस' उघडले.

पहिल्याच नाताळात जेनबाईंनी मुलींपुढे मिठाई ठेवली. काही मुलींनी ती घेतली नाही. त्या मिठाईच्या कारखान्यात सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबल्या होत्या; त्यांना ती डोळ्यांसमोरही नको होती. बाईंनी नुसती हळहळ केली नाही. सहकाऱ्यांसह त्या सरकारदरबारी खेटे घालीत राहिल्या, आणि १८९३ साली इलिनॉय राज्यात चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत लावण्यास बंदी झाली.

अपराधी मुलांना तेव्हा मोठ्यांच्याच तुरुंगात टाकीत. हल हाउसच्या मंडळींनी खटपट केली व १८९९ साली शिकागोस मुलांचे निराळे न्यायालय सुरू झाले. तेथे येणारी पोरे कोण? आगगाडीवर दगड मारणारी, रुळांलगत शेकोट्या पेटवणारी! शहराने पोरांच्या श्रमाची सोय केली, खेळाची केली नाही, असे बाईंनी १९०९ साली पुस्तक लिहून सांगितले. (आमच्या मंडळ्यांची आवारे पाहिली म्हणजे हे बोल आम्हांसही लागतात.) त्याच साली त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या प्रयत्नाने डॉ. विल्यम हीली अशा मुलांची मने तपासू लागले. शिक्षा ठरविण्याआधी ते मुलाला समोर बसवून त्याची हकिगत त्याच्याच तोंडून ऐकत.

महायुद्धास विरोध केल्यामुळे बाईंना देशद्रोही म्हणण्यात आले. १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्या वारल्या. अंत्यविधी हल हाउसच्या अंगणातच झाला, आणि वस्तीतले शेजारी हजारोंनी आले.