पुण्यातील पहिल्या ख्रिस्तमंदिरास जागा देणारे श्रीमंत सवाई माधवराव पेशवे

रविवारी सकाळी मार्केट यार्डात फळे-भाजीपाल्याच्या गाड्यांची रीघ लागलेली असते. त्या गर्दीतून वाट काढीत, सेव्हन लव्ह्ज चौक ओलांडून क्वार्टर गेटकडे निघाले, की नाना पेठेत निष्कलंक गर्भसंभवा मातेचे मंदिर लागते. पुणेकर त्याला सिटी चर्च म्हणतात. पुणे शहरातील हे सर्वांत जुने ख्रिस्तमंदिर होय. याची जागा कोणी दिली असे विचारले, तर पेशव्यांनी, एवढे उत्तर बहुतेक भाविक देतात. कोणत्या पेशव्यांनी, ते किती वर्षांचे होते, त्यांच्या वाट्यास कसले आयुष्य आले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून श्रीमंत सवाई माधवरावांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांच्या जन्मापूर्वीच त्यांच्यावर संकट कोसळले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे वडील नारायणराव पेशवे यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी वध केला. या कटात चुलते रघुनाथरावांचा हात होता, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरविले, हे मराठी घराघरांत ठाऊक आहे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली तेव्हा बाळ अवघे चाळीस दिवसांचे होते. पुढे तीन वर्षांतच गंगाबाईही वारल्या. पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी या पोरक्या मुलाचा सांभाळ केला.

त्यांच्या बालपणीच इंग्रजांशी मोठे युद्ध झाले. रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतल्यामुळे पेटलेले हे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले. पुढच्याच वर्षी, १७८३ मध्ये, श्रीमंतांचा विवाह रमाबाईंशी झाला. नानांनी त्या सोहळ्याची इतकी बारीक आखणी केली होती, की तिच्या याद्या आजही अभ्यासक कौतुकाने वाचतात. राज्य चालविले ते नानांनी. श्रीमंत कोठे जातात, कोणाला भेटतात, यावरही नानांचे लक्ष असे. या मुलाला मोकळेपणा मिळाला तो बहुधा प्राण्यांच्या सहवासात. मार्केट यार्डाच्या पश्चिमेस दिसणाऱ्या पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी हरणे आणि हिंस्र श्वापदे पाळलेला प्राणिसंग्रह ठेविला होता. त्या काळी पुण्यात येणारे युरोपीय पाहुणे तो पाहण्यास मुद्दाम जात.

आता १७९२ सालाकडे वळू. श्रीमंतांचे वय अठरा वर्षांचे होते. त्या वर्षी उन्हाळा सरता सरता महादजी शिंदे उत्तरेकडून पुण्यास आले आणि मोठा दरबार भरला. मराठी फौजांत तेव्हा कवायती पलटणी आणि तोफखाना यांचे महत्त्व वाढले होते, आणि त्या कामी युरोपीय व गोव्याकडील माणसे नोकरीस ठेविली जात. पेशव्यांच्या फौजेतील अशाच एका कॅथोलिक अधिकाऱ्याचे नाव डॉम मिगेल द नोरोन्हा. त्यांच्या हाताखाली आणि आसपास ख्रिस्ती शिपाई होते, आणि त्यांची बायका-मुलेही पुण्यात राहत होती.

शिपाई एकटा असेल तर त्याची उपासना त्याच्या गळ्यातील क्रूसापाशी होऊ शकते. संसार थाटला की एवढ्याने भागत नाही. मूल जन्मले की त्याला स्नानसंस्कार हवा, मुलगी उपवर झाली की लग्नविधीस धर्मगुरू हवा, म्हातारे माणूस गेले की आशीर्वादित मातीत त्याला ठेवावयास हवे. घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय पुण्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना यातले काही सहजी मिळण्यासारखे नव्हते. नोरोन्हांनी पेशव्यांकडे जागा मागितली ती या कुटुंबांसाठी. श्रीमंतांनी ती दिली. पेठांच्या पूर्वेच्या कडेला, नाना फडणीसांनी त्याच सुमारास वसविलेल्या नाना पेठेत ही जागा होती. तेथे आरंभी साधेसे उपासनागृह उभे राहिले. गोव्याकडील धर्मगुरूंनी १७९२ च्या ८ डिसेंबरला, म्हणजे निष्कलंक गर्भसंभवाच्या सणालाच, तेथे पहिला मिस्सा अर्पण केला, अशी या धर्मग्रामाची परंपरा आहे.

वसईकर वाचकांस येथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. याच घराण्यातील चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला होता. चिमाजीअप्पा हे सवाई माधवरावांच्या पणजोबांचे, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे बंधू. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर नेल्या गेल्या आणि त्यांतील काही आजही देवळांत वाजतात. त्या प्रसंगाला ५३ वर्षे होतात न होतात तोच त्याच पेशव्यांच्या राजधानीत ख्रिस्तमंदिराची घंटा वाजू लागली, आणि तीही पेशव्यांच्या संमतीने. यात आम्हांस विसंगती वाटत नाही. वसईत लढाई होती ती पोर्तुगीज सत्तेशी; पुण्यातील ख्रिस्ती माणूस हा पेशव्यांचा स्वतःचा चाकर होता. मात्र हे दान केवळ कोवळ्या वयातील औदार्य होते असेही आम्ही म्हणणार नाही. नानांच्या नजरेआड एवढी गोष्ट होणे अवघड होते, आणि चांगला तोफची टिकवावयाचा तर त्याचे कुटुंब शहरात रुजले पाहिजे, हे नानांसारख्या मुत्सद्द्यास सांगावे लागले नसेल. व्यवहार आणि सद्भाव या दोहोंचा त्यात वाटा असावा. आमच्या पूर्वजांच्या पदरी जागा पडली, ती दोन्हींमुळे.

पुढील तीन वर्षे श्रीमंतांना सुखाची गेली नाहीत. १७९३ मध्ये रमाबाई वारल्या. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजींचे वानवडी येथे निधन झाले. त्यांची छत्री आजही तेथे आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. स्वतः श्रीमंत त्या मोहिमेत होते, आणि पुण्यात परतल्यावर त्यांचा जयजयकार झाला. पण त्याच काळात नानांनी कैदेत ठेवलेला चुलत चुलता बाजीराव याच्याशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार उघड झाला, आणि पहारे अधिकच कडक झाले. त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर, २५ ऑक्टोबर रोजी, तापाने ग्रासलेले श्रीमंत शनिवारवाड्यातील गणपती रंगमहालाच्या सज्जावरून खाली कोसळले. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, त्यांनी प्राण सोडला. वय एकवीस. त्यांनी उडी घेतली, की भ्रमात तोल गेला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. जन्मापासून इतरांच्या पहाऱ्यात वाढलेल्या एका तरुणाविषयी निवाडा देण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

त्यांना संतान नव्हते. तोच चुलत चुलता दुसरा बाजीराव म्हणून गादीवर आला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. गणपती रंगमहालही त्यात गेला. पेशव्यांची फौज मोडली, तोफखाना गेला, पण नाना पेठेतील कुटुंबे तेथेच राहिली. इंग्रजांच्या छावणीमुळे पुण्यात कॅथोलिकांची संख्या वाढली, १८५२ मध्ये जुन्या उपासनागृहाच्या जागी आजचे मंदिर उभे राहिले, आणि १८८६ मध्ये पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सवाई माधवरावांनी दिलेल्या त्याच जागेवर दरवर्षी ८ डिसेंबरला मातेचा सण साजरा होतो.