पक्षासाठी जेवणावळींतून पैसा उभा करणारे गोल्डवॉटर, आणि निक्सनना सांगितलेला मतांचा हिशोब

अमेरिकेत पक्षाला पैसा कमी पडला की नेते लोकांना जेवायला बोलावतात. पण ते आपल्यासारखं नसतं. आपल्याकडे सभेला आलेल्या माणसाच्या हातात पक्ष वडापाव आणि पाण्याची बाटली ठेवतो. तिकडे जेवायला आलेला माणूसच पक्षाला पैसे देतो. 1950 च्या दशकात मोठ्या जेवणांचा दर असायचा ताटामागे 100 डॉलर. ताटातलं चिकन इतकं चिवट की नेत्यांच्या या दौऱ्यांना तिथे गमतीने रबर चिकन सर्किट म्हणतात. चवीची तक्रार कोणी करत नाही, कारण लोक जेवायला आलेलेच नसतात. भाषण ऐकायचं, नेत्याशी हात मिळवायचा, फोटो काढायचा. हॉलचा आणि जेवणाचा खर्च वजा केला की उरलेला पैसा निवडणुकीच्या फंडात.

रिपब्लिकन पक्षात तर अब्राहम लिंकन यांच्या जयंतीच्या, म्हणजे 12 फेब्रुवारीच्या आसपास गावोगाव अशी जेवणं होतात. ती लिंकन डे डिनर. आणि 1960 च्या आसपास या जेवणांना ज्यांना सगळ्यात जास्त बोलावणं यायचं त्यातलं एक नाव होतं बॅरी गोल्डवॉटर.

हे गोल्डवॉटर म्हणजे ॲरिझोनाचे सिनेटर. जन्म 2 जानेवारी 1909, फिनिक्समधला. तेव्हा ॲरिझोनाला राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. आजोबा पोलंडहून आलेले ज्यू, त्यांचं मूळ आडनाव गोल्डवासर. या घराण्याचं फिनिक्समध्ये मोठं कपड्यांचं दुकान होतं. 1929 मध्ये वडील गेले आणि बॅरी यांनी कॉलेज अर्धवट सोडून दुकान धरलं. मुंग्यांची चित्रं छापलेल्या पुरुषांच्या चड्ड्या विकायची आयडिया त्यांचीच, आणि ती धडाक्यात चालली. विमानाचं वेड होतंच. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याची मालवाहू विमानं घेऊन भारतापर्यंत यायचे.

1949 मध्ये नगरपालिका, 1952 मध्ये थेट सिनेट. आयझेनहॉवर यांची लाट होती, त्यात गोल्डवॉटर यांनी सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यालाच सुमारे 7 हजार मतांनी पाडलं.

त्यांचं राजकारण सरळ होतं. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, वॉशिंग्टनने राज्यांच्या कारभारात नाक खुपसू नये. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात ते हे.

गोची अशी की त्यांचा स्वतःचा पक्ष यातलं बरंचसं मानत नव्हता. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष होते, पण सरकारचा खर्च वाढतच होता. 1957 मध्ये त्यांनी सुमारे 72 अब्ज डॉलरचं बजेट मांडलं, तेव्हा गोल्डवॉटर सिनेटमध्ये उभे राहिले आणि आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या बजेटवर तुटून पडले. महायुद्ध जिंकून दिलेला सेनापती, लोकांचा लाडका, आणि त्याच्याच लाटेवर निवडून आलेला हा माणूस असं बोलतोय म्हटल्यावर पक्षातले लोक चरफडले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हीप मोडून मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. सिनेटरने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं तरी त्याची खुर्ची जागच्या जागी. त्यामुळे तत्त्व की पक्ष हा प्रश्न तिथे ज्याचा त्याने सोडवायचा असतो. कायद्याने भाग पाडलं, असं म्हणायची सोय नाही.

गोल्डवॉटर यांनी तो सोडवला दोन वेगळी खाती ठेवून. मत आपलं, जेवण पक्षाचं.

कारण याच काळात ते सिनेट निवडणुकांसाठी पैसा जमवणाऱ्या पक्षाच्या समितीचे अध्यक्ष होते. आधी 1950 च्या दशकाच्या मध्यात, मग 1959 नंतर पुन्हा. काम एकच, शहरोशहरी फिरायचं, जेवणांना उभं राहून बोलायचं आणि उमेदवारांसाठी फंड गोळा करायचा. या उमेदवारांत न्यूयॉर्कच्या जेकब जॅव्हिट्स यांच्यासारखे उदारमतवादी रिपब्लिकनही होते. सिनेटमध्ये गोल्डवॉटर ज्याला विरोध करायचे, बरेचदा त्याच्याच बाजूने हे मत द्यायचे. तरी समिती सगळ्यांची होती. सतरंज्या उचलायच्या तर त्यावर कोण बसणार ते बघायचं नाही, असा हा प्रकार.

1960 मध्ये याची पहिली मोठी परीक्षा झाली. रिचर्ड निक्सन उमेदवार होणार हे ठरलेलं होतं. पण अधिवेशनाच्या तोंडावर ते गुपचूप न्यूयॉर्कला गेले, नेल्सन रॉकफेलर यांच्या घरी रात्री बसले आणि पक्षाच्या जाहीरनाम्यावर त्यांच्याशी तडजोड करून आले. कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी खवळली. गोल्डवॉटर यांनीही जाहीरपणे याला शरणागतीच्या रांगेत बसवलं. शिकागोच्या अधिवेशनात त्यांचं नाव पुढे आलं, हॉल घोषणांनी दणाणला. आणि हे स्टेजवर गेले, आपलं नाव मागे घेतलं आणि आपल्याच समर्थकांना झापलं. रुसून बसू नका, मोठे व्हा, निक्सनसाठी कामाला लागा आणि पक्ष हवा असेल तर मेहनत करून मिळवा, असा त्या भाषणाचा सूर होता.

समर्थकांनी शेवटचं वाक्य मनावर घेतलं. पुढच्या चार वर्षांत त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातली पक्ष संघटना हातात घेतली. गोल्डवॉटर यांनी ज्या गावांत चिवट चिकन खाल्लं होतं, तिथले पदाधिकारी आता त्यांच्यासाठी उभे राहिले.

पण त्याआधी आलं 19 जून 1964. कृष्णवर्णीयांना हॉटेलात, दुकानात, नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये मताला आला. 73 विरुद्ध 27 मतांनी तो पास झाला. रिपब्लिकनांपैकी 27 जणांनी बाजूने मत दिलं, फक्त 6 जणांनी विरोधात. त्या 6 जणांत गोल्डवॉटर होते.

हे मत समजायला अवघड आहे, कारण माणूस वंशद्वेष्टा म्हणून ओळखला जात नव्हता. ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमध्ये त्यांनी काळे-गोरे भेद मोडून काढला होता. 1957 च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी मत दिलं होतं. या वेळी त्यांचं म्हणणं होतं की खासगी दुकानदाराने कोणाला आत घ्यावं आणि कोणाला नोकरीवर ठेवावं हे ठरवायचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेलाच नाही.

कागदावर तत्त्व चोख होतं. पण ज्या माणसाला अलाबामातल्या हॉटेलच्या दारातून हाकललं जात होतं, त्याला या तत्त्वाचा काय उपयोग होता? राज्यांवर सोडा म्हणजे ज्यांनी दार लावलंय त्यांच्यावरच सोडा. आमच्या मते गोल्डवॉटर यांच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी चूक. आणि तिची किंमत एकट्या त्यांनी मोजली नाही. 1960 मध्ये निक्सनना कृष्णवर्णीयांची सुमारे 32 टक्के मतं मिळाली होती, 1964 मध्ये गोल्डवॉटर यांना सुमारे 6 टक्के. लिंकनच्या नावाने जेवणं घालणाऱ्या पक्षाकडे ती मतं पुन्हा तशी आलीच नाहीत.

जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली. रॉकफेलर बोलायला उभे राहिले तर त्यांची हुर्रे उडवली गेली. जखमेवर फुंकर घालायची ती वेळ होती. गोल्डवॉटर यांनी भाषणात उलट टोक गाठलं, स्वातंत्र्यासाठी टोकाची भूमिका घेणं हा दोष नाही अशा अर्थाचं बोलले.

आता पक्षनिष्ठेची परीक्षा दुसऱ्या बाजूची होती. आणि जॅव्हिट्स यांनी पाठिंबा नाकारला. न्यूयॉर्कचे दुसरे सिनेटर कीटिंग यांनीही नाकारला. आता बघा, त्यांच्याकडेही तत्त्वच होतं, नागरी हक्कांचं. निक्सन मात्र देशभर गोल्डवॉटरसाठी फिरले.

निवडणुकीत धुव्वा उडाला. 50 पैकी 6 राज्यं, त्यात एक घरचं ॲरिझोना, बाकी पाच दक्षिणेतली. पण याच प्रचारात लॉस एंजेलिसच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये सुमारे 800 लोकांचं एक जेवण झालं होतं. तिथे एका सिनेनटाने गोल्डवॉटरसाठी भाषण केलं. देणगीदार इतके खूश झाले की तेच भाषण पैसे भरून टीव्हीवर दाखवायचं ठरलं. 27 ऑक्टोबरला ते दाखवलं गेलं. नट होते रोनाल्ड रेगन.

मग पुढे गोल्डवॉटर रेगन यांच्या मागे गेले असतील ना? नाही. 1968 मध्ये त्यांनी निक्सनना साथ दिली, 1964 ची उधारी फेडायची होती. 1976 मध्ये रेगन यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना आव्हान दिलं, तेव्हाही हे फोर्ड यांच्याकडे. रेगनवाल्यांना हे फार लागलं.

निक्सन यांची उधारी मात्र वॉटरगेटमध्ये महागात पडली. बराच काळ गोल्डवॉटर यांनी निक्सन यांची बाजू धरली. जरा जास्तच काळ, असं वाटतं. 5 ऑगस्ट 1974 ला ती टेप बाहेर आली, ज्यात तपास दाबायचा आदेश खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या आवाजात होता. दोन दिवसांनी, 7 ऑगस्टला, गोल्डवॉटर दोन रिपब्लिकन नेत्यांसोबत व्हाइट हाउसमध्ये गेले.

त्यांनी निक्सनना राजीनामा द्यायला सांगितलं, असं बरेच जण समजतात. तसं झालं नाही. राजीनाम्याचा शब्द त्यांनी काढला नाही. सिनेटमध्ये वाचायला 34 मतं लागत होती आणि तुमच्याकडे 15 च्या आसपास आहेत, एवढाच हिशोब सांगितला. वर्षानुवर्षं पक्षासाठी मतं आणि डॉलर मोजलेल्या माणसाने केलेली ती मोजणी होती, त्यामुळे निक्सनना त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी टीव्हीवर राजीनामा जाहीर केला.

गोल्डवॉटर 1987 च्या जानेवारीत निवृत्त झाले. त्यांच्या जागी जॉन मॅककेन आले. आता कोणाच्या उमेदवारासाठी फंड जमवायचा नव्हता, मग म्हातारबाबा अजूनच मोकळे झाले. धर्माच्या नावाने पक्ष चालवू पाहणाऱ्या पाद्र्यांवर ते आधीपासूनच उघड चिडायचे. 1993 मध्ये समलिंगी सैनिकांच्या बाजूने त्यांनी लेख लिहिला. सरकारने माणसाच्या खासगी आयुष्यात पडू नये, हे तत्त्व तेच होतं.

आणि 1992 मध्ये ॲरिझोनातल्या काँग्रेसच्या एका जागेसाठी त्यांनी चक्क डेमोक्रॅट उमेदवार कॅरन इंग्लिश यांना पाठिंबा दिला. समोरचा रिपब्लिकन उमेदवार धार्मिक गटाचा आणि राज्यात नुकताच राहायला आलेला होता. स्थानिक रिपब्लिकन भडकले. इंग्लिश निवडून आल्या. 29 मे 1998 ला, 89 व्या वर्षी, गोल्डवॉटर फिनिक्सजवळच्या आपल्या घरी गेले. शेवटपर्यंत ते रिपब्लिकनच होते.